विश्लेषण : खेळण्यातल्या जुन्या रोबोला नवा रंग दिला की त्याची किंमत का घसरते?

चाळीस वर्षांपूर्वीचा खेळण्यातला रोबो. छातीवरचा लाल रंग कोपऱ्यांपाशी उडालेला, मुठींवरचा चंदेरी मुलामा घासून गेलेला, पांढरे भाग पिवळे पडलेले. रंगांच्या चार बाटल्या, एक बारीक ब्रश आणि सुट्टीचा एक दिवस एवढ्या भांडवलावर तो नव्यासारखा दिसू लागतो. तरीही जाणकार संग्राहक अशा ‘नव्यासारख्या’ रोबोला अनेकदा खरचटलेल्या रोबोपेक्षा कमी पैसे देतात. घर, मोटार किंवा कपाट रंगवले की त्याची किंमत वाढते. मग खेळण्याच्या बाबतीत हिशेब उलटा का? आणि अशी डागडुजी करणारे सगळे चुकतात का? जुन्या रोबोंच्या बाजारात पुन्हा पुन्हा निघणाऱ्या या वादाचा हा आढावा.

हा विषय आता चर्चेत का?

‘ट्रान्सफॉर्मर्स’ या खेळण्यांना २०२४ मध्ये ४० वर्षे पूर्ण झाली. जपानच्या टाकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या मालिकांत मोटारीचे, विमानाचे किंवा एखाद्या यंत्राचे रूप घेणारे रोबो होते. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ते परवाना घेऊन १९८४ मध्ये नव्या नावाने बाजारात आणले. ज्या मुलांच्या हाती ही खेळणी तेव्हा पडली, ती पिढी आज पन्नाशीच्या आसपास आहे. हाती पैसा आहे आणि लहानपणी हरवलेली, मोडलेली किंवा कधीच न मिळालेली वस्तू पुन्हा मिळवण्याची हौसही आहे.

ही हौस आता किरकोळ राहिलेली नाही. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या ‘सर्काना’च्या आकडेवारीनुसार २०२४ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत खेळण्यांचे ग्राहक म्हणून १८ वर्षांवरील प्रौढांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना मागे टाकले. कंपन्यांनीही हे ओळखले आहे. टाकारा आता टॉमी कंपनीत विलीन होऊन ‘टाकारा टॉमी’ झाली आहे. तिने २०२४ मध्ये ‘मिसिंग लिंक’ ही मालिका आणली. त्यात १९८४ च्या रोबोंचे जुने रूप कायम ठेवून हातपाय अधिक सांध्यांत वळतील अशी रचना केलेली आहे.

अस्सल जुन्या खेळण्यांचा साठा मात्र वाढणार नाही. खोक्यातून कधीच बाहेर न आलेले रोबो थोडे. जे हाती लागतात त्यातले बहुतेक मुलांनी मनसोक्त खेळलेले, म्हणजे झिजलेले असतात. दुसरीकडे डागडुजीची साधने कधी नव्हती इतकी सोपी झाली आहेत. प्लॅस्टिकच्या मॉडेलांसाठीचे रंग, छोटे एअरब्रश, क्रोमसारखी चमक देणारी पेने, हुबेहूब छापलेली पर्यायी लेबले, त्रिमितीय छपाईने बनवलेले हरवलेले भाग, सगळे घरबसल्या मागवता येते. त्यामुळे हौशी माणसाचे कामही इतके सफाईदार होऊ लागले आहे की छायाचित्र पाहून फरक कळत नाही. वादाचे मूळ इथे आहे.

जुन्या रोबोचा रंग जातो कसा?

रोबो कशाचा बनला आहे, त्यावर हे ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने पत्र्याची खेळणी मोठ्या प्रमाणावर निर्यात केली. मासुदाया, नोमुरा, होरिकावा, योनेझावा ही त्यातली गाजलेली नावे. या रोबोंवरची बटणे, तबकड्या आणि रंगीत पट्टे पुष्कळदा हाताने रंगवलेले नसत. सपाट पत्र्यावर लिथोग्राफीने ते छापले जात, भट्टीत पक्के केले जात आणि मग तो पत्रा कापून, ठोकून आकाराला आणला जाई. पत्र्याच्या छोट्या जिभा खाचांत घालून वळवल्या की रोबो तयार. अशा खेळण्याला ओरखडा गेला की छापील थर फाटतो, उघड्या पत्र्याला गंज लागतो आणि तो गंज शेजारच्या छापाखाली पसरत जातो. आत विसरून राहिलेली बॅटरी गळली तर नुकसान आतून बाहेर येते.

१९७४ मध्ये जपानच्या पॉपी कंपनीने ‘माझिंगर झेड’च्या रूपाने ‘चोगोकिन’ ही ओतीव धातूच्या रोबोंची मालिका सुरू केली. या खेळण्यांतला धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. सुरुवातीच्या ट्रान्सफॉर्मर्समधल्या अनेक रोबोंतही असे धातूचे भाग आहेत. गुळगुळीत जस्तावर रंग नीट धरत नाही. कडा आणि कोपरे एकमेकांवर आपटले की तिथला टवका उडतो. दोन रोबो एकाच डब्यात ठेवले तरी हे होते.

क्रोमचे भाग आणखी नाजूक. ते धातूचे नसतात. निर्वात कक्षात ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा अतिशय पातळ थर प्लॅस्टिकवर बसवलेला असतो आणि वर पारदर्शक लाखेचा लेप असतो. बोटांच्या सततच्या घासण्याने तो जातो. हे काम कारखान्यातल्या यंत्राचे असल्याने ब्रशने त्याची हुबेहूब नक्कल करणे जवळपास अशक्य आहे.

प्लॅस्टिकचे दुखणे वेगळे. अनेक रोबोंचे मुख्य भाग एबीएस प्लॅस्टिकचे असतात. त्यातला ब्युटाडाइन हा रबरासारखा घटक अतिनील प्रकाश आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे बदलतो आणि पांढरा किंवा राखाडी भाग पिवळा पडतो. सोनेरी झाक असलेल्या काही जुन्या प्लॅस्टिकची अवस्था तर याहून वाईट होते. ते कालांतराने इतके ठिसूळ होते की हात लावताच भुगा होतो. संग्राहकांत हा प्रकार ‘गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. तिथे रंगाचा काही उपयोग नसतो.

रंगाला एवढे महत्त्व कशामुळे?

खेळण्यांच्या धंद्यात साचा ही सर्वांत महागडी गोष्ट. तो एकदा बनवला की त्यातून जितकी पात्रे काढता येतील तितकी काढायची, हे जुने गणित. ट्रान्सफॉर्मर्समधले स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प हे तिघे एकाच साच्यातून आलेली लढाऊ विमाने आहेत. एक राखाडी-लाल, दुसरे निळे, तिसरे काळे-जांभळे. पात्र बदलते ते मुख्यतः रंगामुळे.

याचा पुढचा टप्पा म्हणजे दुर्मीळ रंग. बम्बलबी पिवळा आणि क्लिफजम्पर लाल हे बहुतेकांना ठाऊक असते. पण १९८४ मध्ये लाल बम्बलबी आणि पिवळा क्लिफजम्परही विकले गेले. ब्लूस्ट्रीक या मोटारीच्या खोक्यावरचे चित्र निळे होते, आतले खेळणे मात्र चंदेरी. निळी मोटार डायाक्लोन मालिकेत निघाली होती. ती ट्रान्सफॉर्मर्सच्या खोक्यातून कधी विकली गेली की नाही, यावर संग्राहकांत अजून वाद आहे.

पत्र्याच्या रोबोंतही हेच दिसते. मासुदायाचे ‘गँग ऑफ फाइव्ह’ म्हणून ओळखले जाणारे पाच मोठे रोबो पायांऐवजी घागऱ्यासारखा तळ असलेल्या, साधारण सारख्याच धडाचे आहेत. त्यातला ‘मशीन मॅन’ सर्वांत दुर्मीळ मानला जातो आणि तो इतरांपासून वेगळा ठरतो तो बऱ्याच अंशी रंग आणि छापील तपशिलामुळे.

म्हणजे या वस्तूंत रंग हा वरचा साज नाही. हे खेळणे कोणते, कोणत्या वर्षीचे, कोणत्या बाजारासाठीचे याचा तो पुरावा असतो. पुरावा खरवडून त्यावर नवा थर दिला की वस्तू चकचकीत होते, पण ती जे असल्याचा दावा आहे तेच ती आहे का, हे तपासण्याचा मार्ग बंद होतो. किंमत घसरते ती यामुळे. ग्राहक खराब रंगाचे पैसे कापत नसतो, गेलेल्या खात्रीचे कापत असतो.

डागडुजी आणि पूर्ण रंगकाम यांत फरक काय?

सरसकट ‘रंगवलेले’ म्हटले की गोंधळ होतो. प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, स्वच्छता. साबणाचे पाणी, मऊ ब्रश, सांध्यातली धूळ काढणे. याला कोणी हरकत घेत नाही. मात्र लेबले कागदी किंवा चंदेरी पन्नीची असतील तर पाणी तिथे जाऊ द्यायचे नसते.

दुसरी, डागडुजी. जिथे रंग उडाला आहे तेवढाच ठिपका भरायचा, शेजारच्या मूळ रंगावर ब्रश जाऊ द्यायचा नाही.

तिसरी, संपूर्ण पुनर्रंगकाम. जुना रंग उतरवून, अस्तर देऊन, कारखान्यातल्यासारखा नवा रंग देणे.

चौथी, मनाजोगता बदल. यात मूळ रूपाशी इमान राखण्याचा हेतूच नसतो. कलाकार रोबोला टीव्ही मालिकेतले रंग देतात, तो युद्धात होरपळल्याचा आभास निर्माण करतात किंवा नवेच पात्र घडवतात. अशा कामाला त्या कलाकाराच्या नावाने वेगळी किंमत मिळते आणि तिथे फसवणुकीचा प्रश्न सहसा येत नाही, कारण बदल उघड दिसतो.

वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आहे. ही कामे चांगली झाली की ती दिसत नाहीत.

चांगल्या हेतूने केलेले काम कुठे बिघडते?

रूप बदलणाऱ्या रोबोत भाग एकमेकांना अगदी खेटून सरकतात. सांध्यावर किंवा खाचेत रंगाचा थर चढला की तो भाग अडकतो. जोर लावला तर नवा रंग सोलून निघतो आणि कधी जुने प्लॅस्टिकही मोडते. म्हणून अनुभवी माणसे घासल्या जाणाऱ्या जागा रंगवतच नाहीत.

सगळे प्लॅस्टिक सारखे नसते. एबीएसवर रंग चांगला बसतो, पण इनॅमल रंगाचा थिनर ताणाखाली असलेल्या एबीएसच्या भेगांत झिरपला तर तो भाग तडकू शकतो. गन्डम रोबोंची मॉडेले जोडणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे. पॉलिथिलीनवर तर बहुतेक रंग धरतच नाही. १९७० च्या दशकातले ‘जम्बो माशिंडर’ हे सुमारे दोन फुटी रोबो याच प्लॅस्टिकचे आहेत. मऊ विनाइलच्या खेळण्यावर चुकीचा रंग दिला तर तो वर्षानुवर्षे चिकट राहतो, कारण विनाइल मऊ ठेवणारे द्रव्य रंगात मिसळत राहते.

हवामानाचाही वाटा असतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळी दमटपणात लॅकरचा स्प्रे मारला की बाष्प थरात अडकते आणि रंगावर पांढुरके धुके येते. थंड प्रदेशातल्या माणसाने दिलेला सल्ला जुलैत इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

पिवळेपणा घालवण्याचा ‘रेट्रोब्राइट’ हा उपाय २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या शौकिनांनी लोकप्रिय केला. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून भाग अतिनील प्रकाशात ठेवायचा. परिणाम काही तासांत दिसतो. पण द्रावण सगळीकडे सारखे लागले नाही तर ढगाळ पट्टे उमटतात, लेबले आणि छापील खुणा पुसट होतात, धातूच्या पिना खराब होतात. शिवाय काही वर्षांत पिवळेपणा परत आल्याचे अनुभव अनेकांनी नोंदवले आहेत. विकणाऱ्याच्या छायाचित्रात शुभ्र असलेला रोबो ग्राहकाच्या कपाटात पुन्हा पिवळा पडला, तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

जुन्या रंगात शिसे असते का?

असू शकते आणि या छंदातला हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. अमेरिकेने खेळण्यांच्या आणि घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये दहा लाखांत ६०० भाग अशी मर्यादा घातली. ती ऑगस्ट २००९ पासून ९० भागांवर आणली गेली. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे त्याआधीच्या रंगात शिसे नसेलच असे गृहीत धरता येत नाही.

कपाटात ठेवलेल्या रोबोपासून मोठ्या माणसाला फारसा त्रास नाही. धोका तो घासताना सुरू होतो. पॉलिश पेपरने कोरडा रंग खरवडला की त्याची भुकटी हवेत, हातावर आणि जेवणाच्या टेबलावर जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणूनच जुना रंग घरात कोरडा घासू नये, मुले वावरतात त्या खोलीत हे काम करू नये, आणि जुना किंवा रंगवलेला रोबो लहान मुलाच्या हाती खेळायला देऊ नये. साधा धुळीचा मास्क स्प्रेतल्या द्रावकाची वाफ अडवत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

पुन्हा रंगवलेला रोबो ओळखायचा कसा?

पत्र्याच्या रोबोत छपाई आधी आणि वळण नंतर, हा क्रम मदतीला येतो. मूळ छाप पत्र्याच्या घडीत आणि जिभेखाली आतपर्यंत गेलेला असतो. वरून दिलेला रंग सांध्याच्या वर साचतो आणि जिभेच्या कडेला पूल बांधल्यासारखा दिसतो. भिंगातून छापाच्या कडा एकसारख्या दिसतात, ब्रशच्या कामात मात्र सूक्ष्म रेघा आणि उंचवटे दिसतात.

प्लॅस्टिकच्या रोबोत आतली बाजू पाहावी. बहुतेक भाग रंगीत प्लॅस्टिकचेच ओतलेले असतात. स्क्रूच्या भोकात, बिजागरीच्या मागे किंवा चाकाच्या खोबणीत वेगळाच रंग दिसला तर बाहेरचा रंग नंतरचा आहे. लाल बम्बलबी आतून पिवळा निघाला, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. स्क्रूच्या डोक्यावर रंगाचे शिंतोडे असणे हीही खूण आहे. कारखान्यात भाग सहसा आधी रंगवून मग जोडले जातात.

अतिनील टॉर्चखाली जुना आणि नवा रंग अनेकदा वेगवेगळे चमकतात. साध्या उजेडात एकजीव वाटणाऱ्या पृष्ठभागावर डागडुजीचे ठिपके उठून दिसतात. मात्र काही नवे रंग चमकत नाहीत. म्हणून ही चाचणी इतर खुणांच्या जोडीने वापरायची असते.

लेबलांकडेही लक्ष हवे. हॅस्ब्रोने १९८५ पासून उष्णतेने चिन्ह उमटवणारे छोटे चौकोन रोबोंवर लावले. बोटाने घासले की कोणत्या गटाचा रोबो ते दिसते. नकली मालापासून वेगळेपण दाखवण्यासाठीच ते आणले होते. झिजलेल्या रोबोवर कोरे करकरीत लेबल असेल तर ते बदललेले असण्याचा संभव मोठा.

हे सर्व हातात घेऊन करण्याचे उपाय आहेत. बहुतेक खरेदी मात्र छायाचित्रांवरून होते. म्हणून अवस्थेचा दर्जा ठरवून देणाऱ्या खासगी सेवा उभ्या राहिल्या. अमेरिकेतली ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’ १०० च्या मापावर गुण देऊन खेळणे ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून देते. पण पेटीबंद खेळण्याचे सांधे ग्राहकाला स्वतः तपासता येत नाहीत. तिथे विश्वास विक्रेत्यावरून त्या संस्थेवर सरकतो, एवढेच.

संग्रहालये काय करतात?

चित्रांच्या आणि मूर्तींच्या जतनात हा प्रश्न फार आधी सोडवण्याचा प्रयत्न झाला. इटलीत विसाव्या शतकाच्या मध्यात ‘त्रातेज्जो’ ही पद्धत रुजली. भित्तिचित्रात रंग गेला असेल तिथे बारीक उभ्या रेघांनी जागा भरायची. लांबून चित्र अखंड दिसते, जवळ गेल्यावर मूळ काय आणि नंतरचे काय ते कळते. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्व्हेशन या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. भर घातली तर तिची नोंद ठेवावी, ती नेहमीच्या तपासणीत ओळखू यावी आणि मूळ वस्तूला इजा न होता काढता यावी.

खेळण्याच्या बाबतीत याचा अर्थ सोपा आहे. उडालेल्या जागेपुरताच रंग, शक्यतो सहज पुसता येणारा. मूळ रंग आणि नवा ठिपका यांच्यामध्ये पारदर्शक वॉर्निशचा थर. कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे. कोणता रंग कुठे वापरला याची चिठ्ठी, खेळण्यासोबत ठेवलेली. पाच मिनिटांच्या या नोंदीमुळे पुढच्या ग्राहकाला निर्णय घेता येतो आणि हवे तर काम उलटवताही येते.

मुंबईचा यात संबंध कसा?

खेळण्यांमुळे नव्हे, घड्याळांमुळे. जुन्या मनगटी घड्याळांच्या जागतिक बाजारात ‘मुंबई स्पेशल’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. जुन्या एचएमटी, सेको किंवा फावर-लूबासारख्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून नव्यासारखी केलेली घड्याळे, असा त्याचा अर्थ. मूळ कंपनीने कधीच न काढलेल्या रंगाच्या तबकड्याही त्यात सापडतात.

यामागे कौशल्य आहे, हे नाकारता येत नाही. बंद पडलेले घड्याळ चालू करून पुन्हा वापरात आणणे ही इथली जुनी, उपयोगी कारागिरी आहे. पण माल परदेशात ‘अस्सल जुना’ म्हणून गेला आणि तो तसा नसल्याचे ग्राहकांच्या लक्षात आले, तेव्हा शहराचे नावच संशयाचा शिक्का बनले. त्याचा फटका प्रामाणिकपणे अस्सल घड्याळ विकणाऱ्यालाही बसतो, कारण भारतातून आलेले प्रत्येक घड्याळ आधी संशयाने पाहिले जाते. रोबोंच्या बाजारासाठी हा धडा तयारच आहे.

भारतातल्या ग्राहकाला कायदा काय देतो?

आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क भारताने २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. त्यामुळे परदेशातून मागवलेला रोबो महाग पडतो आणि चूक झाली तर नुकसानही मोठे होते. देशातल्या देशात खरेदी केली तर तीन कायदे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दुरुस्त केलेला, नव्याने घडवलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मालाचा दर्जा किंवा प्रकार याबाबत खोटे सांगणेही त्यातच येते. हा कायदा व्यापाऱ्यांना लागू होतो. कपाटातला एखादाच रोबो विकणाऱ्या हौशी माणसाला व्यापारी म्हणायचे का, हा वादाचा मुद्दा ठरू शकतो. माल विक्री कायदा, १९३० मध्ये मात्र वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे.

सर्वांत नेमकी तरतूद आहे ती १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम १७ मध्ये. फसवण्याच्या हेतूने, माहीत असलेली गोष्ट कृतीने लपवणे ही फसवणूक ठरते. नुसते गप्प राहणे मात्र, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर, सहसा फसवणूक ठरत नाही. रंगवलेल्या रोबोबाबत ही रेषा फार महत्त्वाची आहे. पिवळ्या रोबोला लाल करून दुर्मीळ म्हणून विकणे एका बाजूला आणि डागडुजीबद्दल कोणी विचारले नाही म्हणून न सांगणे दुसऱ्या बाजूला. ग्राहकाने यातून घ्यायचा बोध एकच. ‘कुठे रंग लावला आहे का, लेबले मूळ आहेत का, कोणता भाग बदलला आहे का’ हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी लेखी विचारावेत. लेखी उत्तर आले की गप्प राहण्याची पळवाट उरत नाही.

मग रंगवावे की नाही?

बहुसंख्य जुने रोबो दुर्मीळ नाहीत. हात तुटलेला, लेबले गेलेली, खोका नसलेली प्रत लाखो खेळण्यांपैकी एक असते. तिला स्वतःच्या कपाटासाठी रंगवल्याने जगाचे काही नुकसान होत नाही. उलट, कचऱ्यात जाणारी वस्तू टिकते आणि कोणाच्या तरी बोटांत एक कसब येते. नव्याने शिकणाऱ्याने हात बसवायचा तो अशाच मोडक्या प्रतींवर.

दुर्मीळ रंगाची, छापील पत्र्याची किंवा मूळ मुलामा बराच शाबूत असलेली प्रत असेल तर मात्र थांबणे शहाणपणाचे. तिथे धूळ काढावी, बॅटरी काढून ठेवावी, ऊन आणि दमटपणा टाळावा आणि ब्रश बाजूला ठेवावा. उडालेला रंग नंतर कधीही भरता येतो, खरवडलेला मूळ रंग परत आणता येत नाही.

साधने आणखी स्वस्त आणि अचूक होत जातील, तसतसे डागडुजी ओळखणे अवघड होणार आहे. कंपन्या जुन्या रोबोंच्या नव्या आवृत्त्या काढत राहिल्या, तर फक्त नवे रूप हवे असणाऱ्याला जुन्या प्रतीवर रंग चढवण्याची गरजही कमी होईल. अस्सल जुन्या प्रतीकडे मग लोक येतील ते तिच्या अस्सलपणासाठीच. तेव्हा चकाकीपेक्षा सोबतच्या चिठ्ठीला जास्त भाव येण्याची शक्यता आहे. कोपऱ्यावरचा टवका दाखवून ‘इथे मी रंग लावला आहे’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला आज दोन पैसे कमी मिळतात, पण त्याच्याकडे ग्राहक दुसऱ्यांदाही येतो.